१९०० सालची संध्याकाळ, पॅरिस

जागतिक प्रदर्शनातल्या सरकत्या फुटपाथवरून तुम्ही नुकतेच उतरला आहात. सीन नदी ओलांडून आल्मा पुलाजवळच्या ‘जुन्या पॅरिस’मध्ये शिरता. टोकदार छपरं, पुढे झुकलेल्या माड्या, मध्ययुगीन वेशातली माणसं. हा सगळा देखावा आल्बेर रोबिदा या चित्रकार-लेखकाने आखला आहे. याच माणसाने १८८३ मध्ये ‘विसावं शतक’ नावाची सचित्र कादंबरी लिहून १९५२ चं पॅरिस रंगवलं होतं.

खानावळीतल्या बाकावर मित्रांनी तीच कादंबरी उघडली आहे. पानापानाला हशा पिकतोय. आकाशात बग्ग्यांसारखी विमानं! घरोघरी नळाने येणारं जेवण!

“नळ गळला तर वरच्या मजल्यावरचं सूप आपल्या डोक्यावर,” एकजण म्हणतो.

मग टेलिफोनोस्कोपचं चित्र येतं. भिंतीवर काचेचा पडदा, त्यावर घरबसल्या नाटक, दूरदेशीची युद्धं, दिवसरात्र बातम्या.

“आणखी बातम्या कशाला?” दुसरा हसतो. “रोज दहा लाखांच्या घरात खपणारं ‘पती जुर्नाल’ दैनिक आहे, यंत्रात नाणं टाकलं की टेलिफोनवर ऑपेरा ऐकू येतो. कान दोनच आहेत रे माझे!”

तुम्ही मात्र त्या पडद्याकडे बघतच राहता. तुम्ही आजच्या काळातून आलात, म्हणून तो तुमच्या ओळखीचा आहे. रात्री उशाशी असतो, डोळे उघडताच हातात येतो.

तेवढ्यात तिसरा रोबिदाची नंतरची एक कादंबरी काढतो, ‘विजेचं जीवन’. तीत धावपळीने आणि अतिश्रमाने माणसं थकून गेली आहेत. त्यांच्यासाठी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचा एक भाग राखून ठेवलाय. नव्या यंत्रांना तिथे मज्जाव. शिणलेल्यांनी जावं आणि विसावा घ्यावा.

“माझं नाव आधी लिहा!” बाकावर पुन्हा हशा उसळतो.

यावर हसू नका, असं तुम्ही त्यांना कळकळीने सांगता. विमानांचा आकार चुकला तरी माणसाचा शीण या लेखकाने बरोबर ओळखला. बातमी कितीही वेगाने आली तरी ती समजून घ्यायला मनाला लागतो तो वेळ लागतोच. म्हणून पडदा कल्पिणाऱ्यानेच पडद्यापासून सुटकेची जागाही कल्पिली. आपण पडदा घरोघरी नेला, ती जागा राखायची राहून गेली. ती आपोआप मिळणार नाही. घरात, शाळेत, कचेरीत ठरवून, नियम करून राखावी लागेल. यंत्राइतकाच विसावाही माणसालाच घडवावा लागतो.