हिल डिस्ट्रिक्टची रुग्णवाहिका

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावताहेत. त्यांतल्या काही गाड्यांवर ‘ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे लय बिघडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, श्वासनलिकेत घालायची नळी, शिरेतून द्यायचं ॲड्रेनालिन आणि हे सगळं वापरू शकणारी माणसं गाडीतच असतात. हृदय थांबलं की काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून उपचारांनीच रुग्णाकडे जायचं.

हा विचार रुजवणाऱ्यांत अमेरिकेतल्या एका उपेक्षित वस्तीचा मोठा वाटा आहे.

१९६०च्या दशकात पिट्सबर्ग शहरात रुग्णाला न्यायला पोलिसांची गाडी यायची. पोलिसांचं काम रुग्णाला उचलून नेण्यापुरतं; वाटेत उपचार होत नसत. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर गाडी वेळेवर येईल याचीही खात्री नसे. नोव्हेंबर १९६६मध्ये माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. हृदय पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध आली नाही. त्याच महिन्यात ते वारले.

त्याच शहरात डॉ. पीटर सफर होते. तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी करणारे भूलतज्ज्ञ. १९६६मध्येच त्यांची लहान मुलगी दम्याने गेली. पुढच्या वर्षी वस्तीतली ‘फ्रीडम हाउस’ ही संस्था आणि सफर एकत्र आले. बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज यांची हृदयरुग्णांसाठीची गाडी आधीच सुरू झाली होती, पण तिच्यात डॉक्टर असत. इथे शिकवायचं होतं वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना. त्यांतल्या अनेकांचं शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. काही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले होते.

सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण झालं. या तरुणांनी शरीररचना शिकली, हृदयाचा आलेख वाचायला घेतला आणि पुढे रस्त्यावरच श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंत मजल मारली. नंतर त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या कामातून जो अभ्यासक्रम बांधला, तोच देशभरातल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा नमुना ठरला.

मग बक्षीस काय मिळालं? १९७५मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत गोऱ्यांचा भरणा होता. जुन्यांपैकी जे आत गेले, त्यांतल्या अनेकांना कालांतराने बाहेर पडावं लागलं. पुढची कित्येक वर्षं त्यांचं नावही कुणी घेत नव्हतं.

शिक्षक म्हणून मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘यांना काय जमणार’ असं ज्यांच्याबद्दल ठरवून टाकलं होतं, त्यांना कुणीतरी मनापासून शिकवलं, आणि त्यांनी मरणाच्या दारातून माणसं परत आणली. आपल्या मोहल्ल्यांतही अशी मुलं आहेत. त्यांना शिकवायला कोण बसतं, हा प्रश्न आपलाच आहे.