हळदीची फाईल

28 मार्च 1995 रोजी अमेरिकेने 5401504 क्रमांकाचे एक पेटंट दिले. विषय काय, तर जखम बरी करण्यासाठी हळद, वरून लावून किंवा पोटातून देऊन! पेटंट मिळाले मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला आणि संशोधक म्हणून नावे होती दोघा भारतीय वंशाच्या गृहस्थांची. आमच्या तुयेत कोयता लागून बोट कापले की आधी हळद दाबायची आणि मग दवाखाना गाठायचा. हे शिकवायला कुणी मिसिसिपीहून येण्याची गरज पडली नव्हती.

या पेटंटाला आव्हान दिले ते भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर). तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने आपल्या माशेलचे. 1997 मध्ये पेटंट रद्द झाले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण मी पडलो कारकून, माझे लक्ष जाते जोडपत्रांकडे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात असून भागत नसे. ती कुठेतरी छापलेली दाखवावी लागे. (हा नियम 2013 मध्ये बदलला.) म्हणून परिषदेने 32 संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला 1953 सालचा एक लेखही होता. कोट्यवधी स्वयंपाकघरांची साक्ष त्या कार्यालयात चालली नाही, कागद चालला.

आता कागदच हवा तर गोव्यात तोही फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात हळद आहे: रंगासाठी, जेवणासाठी, डोळ्यांच्या औषधात आणि खरजेवर. आपले भिरंडही आहे, 'ब्रिंदाँव' या नावाने. ओर्ता मूळचा ज्यू. तो 1568 मध्ये वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र लॅटिन अनुवादातून युरोपभर गेले होते. आमचा पेडणे महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो 1788 मध्ये गेला. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांना काय ठाऊक होते, ते विचारायला ओर्ता शापोरा नदी ओलांडून आला असण्याचा संभव कमीच.

हळदीत सुमारे 3 टक्के कर्क्युमिन असते. ते प्रथम 1815 साली वेगळे काढले गेले आणि त्याची रासायनिक रचना 1910 मध्ये उलगडली. शरीरात सूज आणि दाह सुरू करणारी जी प्रथिने आहेत, त्यांतल्या 'एन-एफ-कप्पा-बी'ला ते रोखते असे 1995 मध्ये दिसले, पण प्रयोगशाळेतल्या पेशींत. माणसाच्या पोटात ते फारसे शोषलेच जात नाही. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातले पाइपरीन सोबत दिल्यास रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे 20 पट वाढते. नारळाचा रस, हळद, मिरी, वर दोन सोलां घातलेले हुमण ज्यांच्या ताटात रोज असते, त्यांना इथे हसू येईल. पण हसून लगेच छाती फुगवू नये. प्रयोगातला डोस 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनचा होता. तेवढे मिळवायला सत्तर ग्रॅम तरी हळद लागेल. असे हुमण कोण जेवेल?

आणि गोळ्या विकणारे जे सांगतात, ते तर सोडूनच द्या. कर्क्युमिनवरच्या शेकडो अभ्यासांची छाननी करणारा एक लेख 2017 मध्ये आला. माणसांवरच्या चाचण्यांतून ठाम असा गुण सिद्ध झालेला नाही, असे त्यात म्हटले आहे. 2019 मध्ये इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांना उलट यकृताचीच सूज आली! सूज उतरवायला गेलेल्यांना सूज.

माशेलकरांच्या त्या लढाईनंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. मोठे काम, पण त्याचा पाया म्हणजे आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ. भेगाळलेल्या टाचांवर भिरंडेल कसे चोळायचे, बांगड्याच्या हुमणात तिरफळां किती घालायची, पातोळ्यांसाठी हळदीचे पान कोणत्या दिवसांत खुडायचे, हे कुठल्या संहितेत शोधणार? 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतींनी लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात अशा ज्ञानासाठी रकाने असतात. ते भरायचे तर ऐंशी ओलांडलेल्या बायांच्या चुलीपाशी वही-पेन घेऊन बसावे लागेल, आणि तेही लवकर.