यंत्रमानव स्पर्धा आणि संकल्पन प्रक्रिया

दहीहंडी आणि लगोरी हे दोन्ही खेळ यंत्रमानव खेळले आहेत. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना २००२ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवते. २००८ साली ती पुण्यात झाली, तेव्हा विषय गोविंदाचा होता. २०२२ साली नवी दिल्लीत लगोरीचा. यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. त्यामुळे गतवर्षीचे यंत्र जसेच्या तसे उपयोगी पडत नाही आणि विद्यार्थ्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. या विचाराला शिस्त लावणारी पद्धत म्हणजे अभियांत्रिकी संकल्पन, अर्थात डिझाइन प्रक्रिया.

समस्या मांडणे, गरजा ठरवणे, पर्याय सुचवणे, त्यांतून निवड करणे, प्रारूप बनवणे, चाचणी घेणे आणि सुधारणा करणे हे तिचे टप्पे पाठ्यपुस्तकात एका ओळीत मांडलेले असतात. प्रत्यक्षात चाचणीत फसलेला भाग संघाला अनेकदा थेट पहिल्या टप्प्यावर आणून सोडतो.

नियमपुस्तिका हाती पडताच मोटारी आणि चाके यांची चर्चा सुरू होते. नवखा संघ चुकतो तो येथेच. लगोरीच्या स्पर्धेत प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव होते. एकाने चेंडू फेकून पाच चकत्यांची रास फोडायची, दुसऱ्याने ती पुन्हा रचायची. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असे आणि तो पाडण्यासाठी प्रतिस्पर्धी नेम धरून असे. ‘झटपट रास रचणारा यंत्रमानव हवा’ ही झाली इच्छा. अभियंत्याला ती मोजमापाच्या भाषेत लागते : एक चकती उचलून ठेवण्यास किती सेकंद लागावेत, चकती किती मिलिमीटर सरकलेली चालेल, डोक्यावरचा चेंडू न ढळता यंत्र किती झपाट्याने वळू शकेल. यातील शेवटची गरज पहिलीच्या आड येते. चेंडू सांभाळायचा तर सावकाश वळावे लागते आणि सावकाश वळले तर वेळ पुरत नाही.

अशा ओढाताणीत निवड करण्यासाठी भारांकित तक्ता वापरतात. समजा, चकती पकडण्यासाठी चिमटा घ्यावा की हवेने ओढून धरणारा चोषक, असा प्रश्न आहे. विश्वासार्हतेला ५, वेगाला ३ आणि दुरुस्तीच्या सोपेपणाला २ असे भार दिले. चिमट्याला या निकषांवर अनुक्रमे ४, २, ४ आणि चोषकाला २, ५, ३ गुण मिळाले, तर बेरीज ३४ विरुद्ध ३१ होते आणि चिमटा जिंकतो. मात्र विश्वासार्हतेचा भार ५ वरून ३ वर आणला, तर तीच बेरीज २६ विरुद्ध २७ होऊन निकाल उलटतो. खरा वाद गुणांचा नसून भारांचा असतो. म्हणून गुण देण्याआधीच भार ठरवून वहीत लिहून ठेवावे लागतात. एरवी संघातील वजनदार सदस्याच्या आवडीला आकड्यांचा आधार तेवढा मिळतो.

यानंतर पुठ्ठ्याचे वा प्लायवुडचे प्रारूप आणि चाचणी. येथे साधे गणित अनेकांना फसवते. दहापैकी नऊ चकत्या अचूक बसणे उत्तम वाटते. परंतु पाचही चकत्या लागोपाठ अचूक बसण्याची शक्यता त्याने जेमतेम ५९ टक्के उरते. ती ९० टक्क्यांवर न्यायची, तर प्रत्येक चकती शंभरपैकी सुमारे ९८ वेळा नीट बसली पाहिजे. एका यशस्वी प्रयत्नाचे चित्रीकरण म्हणजे चाचणी नव्हे.

वेळ हीदेखील एक गरजच असते. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेच्या शालेय स्पर्धेत खेळ जाहीर झाल्यापासून साधारण सहा आठवड्यांत यंत्रमानव पुरा करावा लागे. मुदत संपताच हात आवरणे भाग असे. अखेरच्या वर्षांत तर यंत्र मोठ्या पिशवीत घालून मोहोरबंद करीत. साहजिकच कोणती कल्पना सोडून द्यायची, हे पहिल्या काही दिवसांतच ठरवावे लागे. २०२० च्या हंगामापासून हे बंधन उठवण्यात आले. ऐपत असलेले संघ सरावासाठी हुबेहूब दुसरा यंत्रमानव बनवून मुदतीनंतरही काम चालू ठेवत, तर इतरांना ते परवडत नसे.