चाकू की सुई, हा वादच चुकीचा

टेनिस एल्बोचे दुखणे सहा महिने रेंगाळले, की सल्ला ठरलेला असतो: आता हे आपोआप जायचे नाही, ऑपरेशन करून टाका. चाकूला भिणाऱ्यांसाठी सुई आहेच. स्टेरॉइडचे इंजेक्शन, स्वतःच्याच रक्तातून काढलेले पीआरपी, किंवा सोनोग्राफीत बघत सुईने कंडरा टोचणे. मग वाद रंगतो तो चाकू सरस की सुई, एवढ्यावरच. माझा आक्षेप या वादाच्या पायालाच आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधी मान्य करू. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरात नागपूरला त्याने श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढल्या आणि डिसेंबरात दिल्लीत पस्तिसावे कसोटी शतक ठोकले. मराठी घरात याहून मोठा पुरावा कोणता? शास्त्रही मागे नाही. अमेरिकेतील नर्शल आणि पेट्रोन यांनी १९७९ साली ८८ कोपरांवरील शस्त्रक्रियांची हकिकत मांडली, त्यात जवळजवळ ९८ टक्के रुग्णांना आराम पडला होता. मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते तिथे सूज नसते, झीज असते, हे नर्शल यांचे निरीक्षण तर आजही टिकून आहे. पुढे २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीत लहान छेदातून कंडरा मोकळी केलेले रुग्ण साधारण दोन आठवड्यांत कामावर गेले, मोठा छेद घेतलेल्यांना पाच लागले.

पण यांपैकी कुठेही काहीच न केलेला रुग्ण शेजारी बसवलेला नाही. तो बसवला की चित्र पालटते. उपचार न घेतलेल्या किंवा नुसता दिखाऊ उपचार मिळालेल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०२२ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. दर अडीच-तीन महिन्यांनी उरलेल्यांतले निम्मे सुधारत होते आणि वर्षअखेर सुमारे ९० टक्के. दुखणे जुने असले तरी हा वेग मंदावत नव्हता. म्हणजे सहा महिन्यांची ती सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही, आपण आखली आहे.

याहून बोलकी चाचणी सिडनीची, २०१८ सालची. सहा महिन्यांहून अधिक काळ दुखणाऱ्या २६ जणांना भूल दिली. तेरा जणांची झिजलेली कंडरा कापून काढली. उरलेल्या तेरांच्या कातडीला छेद दिला, कंडरा उघडी केली आणि तिला हात न लावता टाके घातले. कुणाचे काय झाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते, नंतर तपासणाऱ्यालाही नव्हते. दोन्ही गट सुधारले, आणि खऱ्या शस्त्रक्रियेचा जास्तीचा फायदा दिसला नाही. २६ ही संख्या लहान आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण मग तिला खोडणारी मोठी चाचणी दाखवण्याची जबाबदारी चाकू चालवणाऱ्यावर येते, दुखऱ्या हातावर नव्हे.

सुईलाही सूट नको. स्टेरॉइडने सहा आठवडे सुख मिळते, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियातील २०१३ च्या चाचणीत वर्षाअखेर स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के बरे होते, नकली इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के. दुखणे उलटण्याचे प्रमाण ५४ विरुद्ध १२ टक्के. पीआरपीबद्दल २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ अभ्यास घेतले, तरी रुग्णाला जाणवेल असा लाभ सापडला नाही. महागड्या नळीतले रक्त म्हणून ते परिणामकारक ठरत नाही.

मग करायचे काय? हा आजार रॅकेटवाल्यांपेक्षा कपडे पिळणाऱ्या बाईचा आणि दिवसभर स्क्रू आवळणाऱ्या सुताराचा अधिक. पिळणे काही महिने दुसऱ्याकडून करून घ्यायचे, जड पिशवी तळहात वर करून उचलायची, आणि हात टेबलावर टेकवून अर्ध्या किलोच्या वजनाने मनगट हळू खाली सोडण्याचा व्यायाम करायचा. थोडे दुखले तरी थांबायचे नाही. बोटांना मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल किंवा मानेतून कळ येत असेल, तर मात्र दुखणे कदाचित नसेचे असेल आणि त्याची तपासणी लांबवू नये. बाकीच्यांना डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते ९० टक्के सांगावेत, मग शस्त्रक्रियेचा विषय काढावा.