लघुकथेतील निवेदकाचे स्थान : चंद्रपूर–गडचिरोली वनजिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लघुकथेचा अभ्यास करताना कथानक, पात्रचित्रण, वातावरण आणि संवाद या घटकांची चर्चा विस्ताराने होते. निवेदकाचा विचार मात्र 'प्रथमपुरुषी' व 'तृतीयपुरुषी' या दोन शब्दांत आटोपला जातो. वास्तविक, घटना कोण सांगतो, त्याला किती ठाऊक आहे आणि तो कोणाला उद्देशून बोलतो, यांवर कथेचा अर्थ अवलंबून असतो. निवेदकाची निवड हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही. कोणी कोणाविषयी बोलावे, हे त्या त्या काळातील समाजाने कसे ठरविले, याचा तो ऐतिहासिक पुरावाही असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मराठी कथेतील निवेदकाच्या वाटचालीचा आढावा घेऊन चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या संदर्भात काही विचार मांडला आहे.

लेखक आणि निवेदक

लेखक ही प्रत्यक्ष व्यक्ती असते, तर निवेदक ही कथेच्या अंतर्गत निर्मिलेली भूमिका असते. वेन बूथ यांनी १९६१ साली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली व हा भेद समीक्षेत स्थिरावला. पुढे जेरार जेनेट यांनी 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' हे दोन प्रश्न वेगळे केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा दुसरा भेद अधिक उपयुक्त आहे. वनजिल्ह्यांविषयीच्या लेखनात पाहणारा, बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, हे तिघे बहुतेक वेळा वेगवेगळ्या समाजांतले असतात.

मौखिक परंपरेतील निवेदक

भारतीय कथापरंपरेत निवेदक कधीच अदृश्य नव्हता. गुणाढ्याच्या बृहत्कथेविषयीची आख्यायिका या संदर्भात बोलकी आहे. सातवाहन राजाने पैशाची भाषेतील कथा नाकारल्यावर गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटविला आणि एकेक पान वाचून तो आगीत टाकू लागला. पशुपक्षी चरणे सोडून ऐकत राहिले. दरबाराने नाकारलेल्या कथेला अरण्यात श्रोता मिळाला, असे ही आख्यायिका सांगते.

विदर्भातील आरंभीचे मराठी गद्यही निवेदकाविषयी जागरूक आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून मिळविल्या. एकाच लीळेची निराळी आठवण असेल तर ती 'वासना' म्हणून नोंदविण्याची पद्धत महानुभाव परंपरेत रूढ झाली. सांगणारा बदलला की सांगणे बदलते, हे त्या परंपरेने दडविले नाही.

गोंड समाजात ही जबाबदारी परधान या कथकवर्गाकडे होती. वंशाच्या, देवांच्या व पूर्वजांच्या कथा किंगरीच्या साथीने गाणे हे त्यांचे परंपरागत कार्य. श्रोते समोर असत आणि त्यांनाही कथा ठाऊक असे. त्यामुळे निवेदकाला मनमानी करता येत नसे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची कथा अशाच एका परधानाकडून टिपून घेतली. १८६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. तेव्हापासून ही कथा हिस्लॉप व टेंपल यांच्या नावांशी जोडली गेली आणि सांगणारा 'एक परधान' एवढ्यावर राहिला. मौखिक कथा मुद्रित होताना कथा टिकली, परंतु निवेदकाचे नाव गळले, ही घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

मुद्रित मराठी कथेतील स्थित्यंतरे

१८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधील हरिभाऊ आपटे यांच्या स्फुट गोष्टींचा निवेदक वाचकाशी थेट बोलतो, त्याला समजावतो, प्रसंगी उपदेश करतो. कीर्तनकाराची सावली त्याच्यावर आहे. दिवाकर कृष्ण यांनी १९२०च्या दशकात कथेला पात्राच्या अंतर्मनाकडे वळविले आणि निवेदकाचा आवाज खाली आला. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने तंत्राची शिस्त दिली. गंगाधर गाडगीळ व त्यांच्या समकालीनांच्या नवकथेने निवेदकाची सर्वज्ञताच संशयास्पद ठरविली.

'मी' या निवेदकाच्या बाबतीत दोन टप्पे विशेष महत्त्वाचे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसे' (१९४९) मधील 'मी' हा गावचाच असला तरी प्रामुख्याने पाहणारा आहे. तो स्वतःला मागे ठेवून माणसे पुढे आणतो. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील 'मी' मात्र पाहून थांबू शकत नाही. जात लपविण्याची वेळ त्याच्यावर आली आहे आणि मारही त्यालाच बसतो. एकच सर्वनाम, परंतु पहिल्यात ते साक्षीदाराचे आहे, दुसऱ्यात भोगणाऱ्याचे. दलित कथेने मराठी निवेदनात घडविलेला बदल या अंतरात आहे.

वनजिल्ह्यांचे कथन

चंद्रपुरात १९७९ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामन कृष्ण चोरघडे या वैदर्भीय कथाकाराकडे होते. त्यांच्या काव्यात्म कथांतील निवेदक ग्रामीण माणसाकडे ममतेने पाहतो. त्यानंतर तीन वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ३८.७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. या समाजाची मराठी वाचकाला झालेली ओळख मुख्यतः कोणाच्या मुखातून झाली, हा खरा प्रश्न आहे.

विदर्भातील अरण्याचे चित्रण मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकाऱ्याच्या भूमिकेतून केले. विलास मनोहर हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातील कार्यकर्ते. 'नेगल'मध्ये ते स्वतः अनुभव सांगतात, तर 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीत माडिया तरुण केंद्रस्थानी आहे. डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा' या आत्मकथनाचा निवेदक डॉक्टर आहे. यांतील बहुतेक लेखन लघुकथेच्या चौकटीबाहेरचे आहे, तथापि निवेदकाचा प्रश्न तेथेही तोच आहे. वनाधिकारी, कार्यकर्ता, डॉक्टर हे सर्व बाहेरून आलेले निवेदक आहेत. हा त्यांचा दोष नव्हे. दीर्घ सहवासाने त्यांनी विश्वास मिळविला आहे. चितमपल्ली यांनी तर पक्ष्यांची व झाडांची स्थानिक नावे आदिवासींकडून व ढीवरांकडून शिकून मराठीत आणली. परंतु साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची साक्ष भोगणाऱ्याच्या कथनाची जागा घेऊ शकत नाही. गोंडी व मराठी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या लेखिकांचे महत्त्व येथे जाणवते.

निवेदकाची भाषा

मराठीचे व्याकरण निवेदकाला लपू देत नाही. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच त्याचे लिंग प्रकट होते. विदर्भातील बोलींत स्त्री 'मी गेली' म्हणते. प्रमाणभाषेत तिचे 'मी गेले' केले की एका स्वराच्या फरकाने निवेदिका आपल्या गावाबाहेर जाते. 'आपण' व 'आम्ही' यांतील भेद त्याहून निर्णायक आहे. 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेतो, 'आम्ही' त्याला वगळतो. अरण्याविषयी लिहिणारा निवेदक नागर वाचकाला 'आपण' म्हणतो, तेव्हा अरण्यातील माणूस आपोआप 'ते' होतो. माडिया निवेदक 'आम्ही' म्हणू लागेल, तेव्हा प्रथमच नागर वाचकाला आपण वगळले गेल्याची जाणीव होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मौखिक परंपरेत निवेदक ओळखीचा व श्रोत्यांना उत्तरदायी होता. मुद्रणाने कथा दूरवर नेली, परंतु हे उत्तरदायित्व सैल केले. दुसरी, मराठी कथेत निवेदकाचा प्रवास उपदेशकाकडून साक्षीदाराकडे व साक्षीदाराकडून भोगणाऱ्याकडे झाला. वनजिल्ह्यांविषयीचे बहुपरिचित लेखन मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावर आहे. तिसरी गोष्ट अध्यापनाशी संबंधित आहे. गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. या परिसरातील महाविद्यालयांत गोंडी, माडिया किंवा झाडीबोली घरी बोलणारे विद्यार्थी शिकतात. त्यांना निवेदकाचे प्रकार पाठ करावयास लावण्याऐवजी आजी-आजोबांकडील एखादी कथा, सांगणाऱ्याच्या नावासह व त्याच्या बोलीत, लिहून आणण्यास सांगणे अधिक फलदायी ठरेल. परधानाचे गळलेले नाव आता परत मिळणार नाही. परंतु आज सांगणाऱ्यांची नावे गळू न देणे वर्गातील शिक्षकाच्या हाती निश्चितच आहे.