शेवरोलेच्या सहा सिलिंडरांकडून किती मागावे?

जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी शेवरोलेमध्ये चाराऐवजी एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन आले. आकार सुमारे 3.2 लिटर, ताकद 46 अश्वशक्ती. 1937 च्या नव्या इंजिनाने 3.5 लिटरमधून 85 पर्यंत मजल मारली. अशी गाडी आज जपणाऱ्याला वाटते, दोन कार्बुरेटर बसवले, हेड थोडे घासले, सायलेन्सर मोकळा केला की दीडपट ताकद हाती येईल. माझ्या मते पंधरा-वीस टक्के मिळाले तरी खूप झाले, आणि त्याचे कारण त्या इंजिनाच्या जन्मातच आहे. ते पळण्यासाठी घडवलेले नव्हते, ओढण्यासाठी होते. वणी-करंजी रस्त्यावरच्या मारेगावसारख्या काळ्या मातीच्या, कापसाच्या मुलखात पावसाळ्यात मोटारमालकाला हवी असते ती हळू फिरतानाची ओढ. शेवटच्या गिअरमधला वेग तिथे दुय्यम.

1937 च्या इंजिनाचे पोट उघडून पाहिले की मर्यादा कळते. मुख्य बेअरिंगांना तेल पंपाच्या दाबाने मिळते, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना नाही. रॉडच्या खालच्या टोकाला इवलीशी पळी असते, ती तेल झेलते आणि तेवढ्यावर व्हाइट मेटल ओतलेले बेअरिंग ओले राहते. हे 85 अश्वशक्तीचे इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला 3200 फेऱ्यांना देते. ओढ तेवढीच राहिली असे धरले तरी दीडपट, म्हणजे सुमारे 130 अश्वशक्तीसाठी ते 4900 च्या आसपास फिरवावे लागेल, आणि तिथे आधी रॉडचे बेअरिंग जाईल. ओढही तेवढी राहणार नाहीच, कारण सहा सिलिंडरांना हवा आत घेण्याची दारे तीनच. कार्बुरेटर दोन लावले म्हणून दारे वाढत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, ओळीतले सहा सिलिंडर जात्याच समतोल असतात, मग जोरात का फिरवू नयेत? समतोल खराच, पण तो थरथर कमी करतो, तेल पुरवत नाही. शिवाय लांब क्रँकला पीळ बसतोच. जॅग्वारने 1948 मध्ये 3.4 लिटरच्या सहा सिलिंडरांतून 160 अश्वशक्ती काढली, हेही खरे. मात्र त्या इंजिनाला दोन कॅमशाफ्ट आणि सात मुख्य बेअरिंगे मुळातच होती. शर्यतपटू फांजिओने 1940 साली ब्यूनोस आयर्स ते लिमा आणि परत अशी शर्यत शेवरोलेनेच जिंकली. पण हजारो किलोमीटरच्या त्या वाटेवर परीक्षा टिकाऊपणाची होती. आणि जुन्या कॅटलॉगमधले आकडे? त्या काळी अमेरिकी कंपन्या पंखा, सायलेन्सर वगैरे काढून ठेवून इंजिन मोजत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोजणी बदलली, तेव्हा शेवरोलेच्या 4.1 लिटर इंजिनाचा 145 चा आकडा 110 वर आला. इंजिन तेच होते.

आपल्याकडे अशा गाड्यांत खरा बदल झाला तो वेगळ्याच गरजेने. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा मालकांनी जुने इंजिन उतरवून पर्किन्सचे डिझेल बसवले. त्यात ताकद वाढवण्याचा विचार क्वचितच होता. लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळाले की सौदा फायद्याचा.