केंद्रीय तापन प्रणालीतील आवाज

केंद्रीय तापन प्रणालीतील आवाज म्हणजे एका ठिकाणी पाणी तापवून ते नळांवाटे घरातील सर्व खोल्यांत फिरवणाऱ्या यंत्रणेतून येणारे अनपेक्षित ध्वनी होत. ब्रिटनसारख्या थंड हवामानाच्या देशांत अशी यंत्रणा सामान्य घरांतही असते. ती बंदिस्त असल्यामुळे तिच्या आतील बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तो बहुधा प्रथम कानावर येतो. आवाज कसा आहे, कोठून येतो आणि केव्हा येतो, या तीन गोष्टींवरून त्याच्या कारणाचा बराचसा उलगडा होतो. यांतील बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात, काही इंधनाच्या अपव्ययाची व यंत्राच्या झिजेची सूचना देतात, तर थोडे जीवितास धोका असल्याचे दर्शवतात.

रचना

ब्रिटनमधील प्रचलित प्रणालीत बॉयलर (बाष्पक), पंप, नळ आणि रेडिएटर हे मुख्य भाग असतात. नावात 'बाष्प' असले, तरी या बॉयलरमध्ये वाफ केली जात नाही. पाणी साधारणतः ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. पंप ते रेडिएटरांत ढकलतो आणि उष्णता देऊन निवलेले पाणी बॉयलरकडे परत येते. २० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापल्यास त्याचे आकारमान सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी वाढते. हे वाढीव पाणी सामावून घेण्यासाठी नव्या प्रणालींत प्रसरणपात्र, तर जुन्या घरांत माळ्यावरील लहान टाकी असते. बंद प्रणालीत पाणी थंड असताना दाब सुमारे १ ते १.५ बार ठेवतात. तो ३ बारपर्यंत चढल्यास सुरक्षा झडप उघडते.

आवाजांचे प्रकार व कारणे

टकटक व करकर: प्रणाली सुरू होताना आणि बंद झाल्यावर येणारा हा आवाज बहुधा धातूच्या प्रसरणाचा असतो. १० मीटर लांबीचा तांब्याचा नळ ६० अंशांनी तापला, तर तो सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. फळ्यांच्या जमिनीखाली नळ लाकडाच्या खाचेत घट्ट बसला असेल, तर तो अडखळत सरकतो व प्रत्येक सरकणीला टक् असा आवाज होतो. तापमान स्थिरावले की आवाज थांबतो. हा दोष उपद्रवकारक असला तरी घातक नाही. खाच रुंद करणे किंवा नळाखाली नमद्याची पट्टी घालणे हा त्यावरील उपाय होय.

खळखळ व बुडबुड: रेडिएटरमध्ये वायू साठल्याचे हे लक्षण आहे. अशा रेडिएटरचा वरचा भाग थंड व खालचा गरम लागतो. प्रणाली बंद करून, पाणी निवल्यावर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील हवाझडप विशिष्ट किल्लीने किंचित उघडतात. फुसफुस थांबून पाणी दिसू लागले की ती बंद करतात व त्यानंतर प्रणालीचा दाब तपासतात. मात्र वायू वारंवार साठत असेल, तर तो केवळ हवा नसून गंजण्याच्या क्रियेतून निर्माण झालेला हायड्रोजन असू शकतो. हायड्रोजन ज्वलनशील असल्याने वायू सोडताना जवळ ज्योत नेऊ नये.

किटलीसारखा घोंघाव: हा आवाज बॉयलरमधून येतो. उष्णता-विनिमयकाच्या आतील पृष्ठावर क्षार किंवा गाळ साचला की पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि तेथील पाणी स्थानिकरीत्या उकळू लागते. त्या वाफेचे बुडबुडे भोवतालच्या थंड पाण्यात विरून कोसळतात, त्यांचा हा आवाज असतो. लंडनसह आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी कठीण असल्याने हा दोष तेथे अधिक संभवतो. बंद प्रणालीत तेच पाणी पुन:पुन्हा फिरत असल्याने क्षारांचा साठा मर्यादित असतो. परंतु गळतीमुळे सतत नवे पाणी भरावे लागल्यास प्रत्येक वेळी नवे क्षार व नवा प्राणवायू आत येतो. त्यामुळे घोंघाव आणि वारंवार उतरणारा दाब ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास आधी गळती शोधावी लागते. दाब कमी झाल्यास पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो व आवाज वाढतो.

रेडिएटरचा खालचा मधला भाग थंड राहत असेल, तर तेथे लोहाच्या ऑक्साइडचा काळा गाळ, म्हणजे मॅग्नेटाइट, साचलेला असतो. प्रणाली धुऊन काढणे, गंजरोधक द्रव्य मिसळणे व चुंबकीय गाळणी बसवणे हे त्यावरील उपाय आहेत.

गुणगुण व घरघर: याचा उगम बहुधा पंपात असतो. पंपाची गती गरजेपेक्षा जास्त ठेवल्यास नळांतून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. धारवे (बेअरिंग) झिजल्यास घरघर येते, तर पंपात हवा अडकल्यास आवाज खडबडीत होतो.

ठोके: रेडिएटरवरील तापनियंत्रक झडपेजवळून जलद ठोके येत असतील, तर पाणी तिच्यातून उलट दिशेने वाहत असण्याची शक्यता असते, काही झडपा एकाच दिशेच्या प्रवाहासाठी घडवलेल्या असतात. नळ बंद करताक्षणी येणारा एकच मोठा ठोका मात्र जलाघाताचा असतो व तो अनेकदा तापन प्रणालीतून नव्हे, तर पिण्याच्या पाण्याच्या नळांतून येतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस मॉस्को येथे जलाघाताचा अभ्यास केला. प्रवाह एकाएकी अडवल्यास वेगातील प्रत्येक १ मीटर प्रति सेकंद घटीमागे नळातील दाब १० बारहून अधिक वाढू शकतो.

वाफेवरील प्रणाली

न्यूयॉर्कसारख्या अमेरिकन शहरांतील जुन्या इमारतींत पाण्याऐवजी वाफ रेडिएटरांत सोडली जाते. एकनळी प्रकारात वाफ वर जाते व तिचे झालेले पाणी त्याच नळातून खाली येते. नळ मध्येच झुकलेला असल्यास तेथे पाणी साचते आणि वेगाने येणारी वाफ ते पुढे भिरकावते; त्यामुळे हातोड्यासारखे घण ऐकू येतात. म्हणून अशा रेडिएटरचा उतार झडपेच्या दिशेने ठेवतात आणि झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवतात; अर्धवट उघडी ठेवत नाहीत.

निदानाची पद्धत

बर्नर विझल्यावरही अनेक बॉयलरांत पंप काही काळ चालू राहतो. ज्योत विझताच आवाज थांबला, तर दोष ज्वलनात किंवा उष्णता-विनिमयकात शोधावा. तो चालूच राहिला, तर पंपात किंवा प्रवाहात शोधावा. रेडिएटर एकेक करून बंद केल्यास दोषाची जागा कळते. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा, अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे समजत नाही.

धोक्याची लक्षणे

बॉयलर पेटताना स्फोटासारखा आवाज येणे हे ज्योत विलंबाने पेटत असल्याचे व तोवर इंधनवायू साठत असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी बॉयलर बंद करून तज्ज्ञास बोलवावे. निळ्याऐवजी पिवळी ज्योत, काजळी आणि घरातील माणसांना डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणे असू शकतात. या वायूला रंग वा गंध नसतो आणि तो आवाजही करत नाही. त्यामुळे बॉयलर शांत आहे म्हणून तो सुरक्षित आहे असे मानता येत नाही. त्यासाठी घरात स्वतंत्र सूचकयंत्र बसवतात. संशय आल्यास खिडक्या-दारे उघडून ताबडतोब बाहेर पडावे. ब्रिटनमध्ये गॅसवरील बॉयलरचे काम करण्यास 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञांनाच परवानगी आहे. ही नोंदणी व्यवस्था २००९ पासून अमलात आहे.

भारतातील साम्य

महाराष्ट्रातील घरांत केंद्रीय तापन सहसा नसते. परंतु विंधनविहिरीचे कठीण पाणी वापरणाऱ्या घरांत साठवण-गीझरच्या तापकावर क्षारांचा थर बसून येणारा सूं-सूं आवाज वर वर्णिलेल्या किटलीसारख्या घोंघावाच्याच जातीचा होय.